मागे पांढरं हवं

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात
चेपलेल्या गाड्यांचे फोटो तपासतो.
बंपर, दरवाजा, डावा आरसा.
ओरखडा जुना की कालचा, एवढंच ठरवायचं
आणि दाव्यातले हजार-दोन हजार कापायचे.
शनिवारी पहाटेची गाडी धरतो,
खांद्याला सेकंडहँड कॅमेरा,
कुणाचा कसलाच दावा नसलेले फोटो काढायला.

कुर्डुवाडीपर्यंत झोप.
मग ऊन खिडकीतून थेट मांडीवर येऊन बसतं
ओळखीचं असल्यासारखं.

सोलापुरात अकरा वाजताच सावल्या
पायाशी गोळा होतात, फोटोला निकामी.
म्हणून साखर पेठेच्या बोळात शिरलो,
जिथं घराआड माग खडखडतात
आणि माणसं त्या आवाजाच्या वरून बोलतात,
तेलुगू, कानडी, मराठी, जी आधी तोंडाला येईल ती.
एका खिडकीतून धोटा टिपला. हलला.
दोरीवर निळं सूत, त्यामागं सायकल. बरं आलं.
मग उंबऱ्यावर विड्या वळणारी एक बाई,
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं,
कात्री, दोरा,
आणि बोटं अशी की मी गुडघ्यावर बसलो.
अकरा फोटो काढले. नुसत्या बोटांचे.

"काय काढलालास रे मघापासनं?"
"हात, मावशी."
"हाताचं काय करायचंय?
त्या ऑफिसातल्या मशीनला हात दाखवून दमले.
चाळीस वर्षं पानं वळून अंगठ्याला रेघ राहिली नाही.
मशीन म्हणतंय, तू ती नाहीसच.
तोंडाचा काढ. पासपोर्ट साइज. चार कॉपी.
मागे पांढरं हवं म्हणलाय तो."

बोळात पांढरं कुठलं?
भिंती पोपटी, दारं गुलाबी.
तिनं समोरच्या कारखान्यात हाक घातली,
मागावरून नुकताच उतरलेला टॉवेल आला,
कडा अजून न शिवलेला.
स्टूल आलं. नातू आला.
"तिरुपती, धर मागं."

नरसुबाई गड्डम.
पदर नीट केला, चष्मा काढला, घातला, काढला,
आणि इतकी समोर बघितली
की मलाच बाजूला व्हावंसं वाटलं.
मी असे समोरून काढत नाही कधी.
पाठमोरी माणसं, चौकटीच्या कडेला अर्धे चेहरे.
कुणाला विचारायला लागू नये,
एवढीच खरं तर माझी कला.

तिच्यानंतर जाऊबाई.
मग बारावीच्या फॉर्मला हवा असलेली एक पोरगी.
मग लुंगीवर इस्त्रीचा शर्ट चढवून मागावरचे दोघे.
त्यांनी माग बंद केले होते
आणि त्या शांततेत सगळे उगीचच ओरडून बोलत राहिले.
कुणीतरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी हातावर दिली,
तेलकट बोटांनी बटण दाबत दोन वाजवले.
किल्ला राहिला. तळं राहिलं.

पुढच्या शनिवारी पाकिटं घेऊन गेलो.
नरसुबाईनं फोटो लांब धरून बघितला.
"थोरल्या बहिणीसारखी दिसलालेय."
पैसे नको म्हणालो तर रागावली,
वीस रुपये मोजून दिले. घेतले.
ऑफिसाचं विचारलं.
"तो म्हणतोय, फोटो चालत नाही. अंगठाच पाहिजे."
आणि एक कॉपी तिनं कात्रीच्या डब्यात, पानांखाली सारली.

"माझा कुठाय?" तिरुपती म्हणाला.
त्याचा नव्हताच.
होता तो चुकून निघालेला,
आजी उठल्यानंतर, जाऊबाई बसायच्या आधी:
रिकामं स्टूल, पांढरा टॉवेल,
वरच्या कडेवर बोटं,
खाली दोन अनवाणी पाय, एकानं दुसरा खाजवणारे.
तोच काय तो मी माझ्यासाठी ठेवला होता.

त्यानं कॅमेऱ्यावर वाकून बोटं मोजली. दहा भरली.
"मीच की," म्हणाला.
"टॉवेल वाकडा धरलोय बघा."